मोरचूद, हिराकस आणि नावातला आकडा

मलकपेठच्या बाजारात महाराष्ट्रातून कांदा घेऊन जाणारे शेतकरी परत येताना सहसा रिकाम्या हाताने येत नाहीत. हैदराबादेत आलोच आहोत तर शेतीची औषधे आणि खतेही घेऊन जावीत, असा विचार असतो. दुकानात गेल्यावर मात्र भाषेची गंमत सुरू होते. आपण म्हणतो मोरचूद. तेलुगू दुकानदार त्यालाच मैलुतुत्तम म्हणतो, आणि शेजारचे उर्दू बोलणारे चाचा म्हणतात नीला थोथा. आपला हिराकस तिथे अन्नभेदी होतो, नाहीतर हीरा कसीस. वस्तू एकच, नावे तीन. त्यातही बोलीतले नाव रंगावरून पडलेले असते, आणि रंगावर विसंबणाऱ्याची फसगत होते.

सगळ्या दुकानांत एकच असते ते पुडीवर बारीक अक्षरात छापलेले रासायनिक नाव. कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट, क्युप्रस ऑक्साइड, झिंक सल्फेट मोनोहायड्रेट. ही नावे पाहिली की आपण पुडी उलटी ठेवतो. 'हे मुलांच्या पुस्तकातले, आपले काम नाही.' खरे तर हे काम आपलेच आहे, आणि बेरीज-भागाकार येणाऱ्या कोणालाही ते अर्ध्या तासात जमते.

आधी साधे मीठ घेऊ. त्याचे नाव सोडियम क्लोराइड. पहिला शब्द धातूचा, दुसरा त्याच्या जोडीदाराचा. धातूचा अणू आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि धनभारित होतो. जोडीदार ते घेतो आणि ऋणभारित होतो. विरुद्ध भार एकमेकांना धरून ठेवतात, असे ते संयुग. सोडियम नेहमी १ इलेक्ट्रॉन देतो, कॅल्शियम नेहमी २. त्यांचा स्वभाव ठरलेला असल्यामुळे नावात आकडा लिहायची गरज पडत नाही.

तांबे, लोखंड, मँगनीज, क्रोमियम, कोबाल्ट हे धातू मात्र तसे नाहीत. यांना संक्रमण धातू म्हणतात. लोखंड कधी २ इलेक्ट्रॉन देते, कधी ३. तांबे कधी १ देते, कधी २. त्यामुळे नुसते 'आयर्न क्लोराइड' म्हटले तर कोणते, हे कळत नाही. पावतीवर नाव आहे पण रक्कम नाही, तशी गत. म्हणून धातूच्या नावापुढे कंसात आकडा घालतात. छापताना तो घड्याळाच्या तबकडीवर असतो तसा रोमन आकडा असतो. इथे मी आपल्याच आकड्यांत लिहितो. आयर्न (२) सल्फेट, आयर्न (३) ऑक्साइड, कॉपर (१) ऑक्साइड, कॉपर (२) सल्फेट. वाचताना 'आयर्न टू सल्फेट', 'आयर्न थ्री ऑक्साइड' असे वाचावे.

हा आकडा काढायचा कसा? धातूकडे पाहूच नका, त्याच्या जोडीदाराकडे पाहा. जोडीदाराचे मागणे ठरलेले असते. क्लोरीनचा अणू १ मागतो. नायट्रेटचा गट १, हायड्रॉक्साइडचा १. ऑक्सिजन २ मागतो, सल्फेट २, कार्बोनेट २. फॉस्फेट ३ मागते. एवढे तोंडपाठ केले की पुढे मजुरीच्या हिशेबासारखा हिशेब: एकूण मागणे किती, आणि देणारे किती. भागाकार केला की आकडा आला.

गंज घ्या. त्यातल्या ऑक्साइडमध्ये लोखंडाचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३ असतात (गंजात थोडे पाणीही असते, ते इथे सोडून देऊ). ऑक्सिजनचे मागणे ३ गुणिले २, म्हणजे ६. देणारे दोघे. प्रत्येकाच्या वाट्याला ३. नाव झाले आयर्न (३) ऑक्साइड. आता तांब्याचे लाल ऑक्साइड घ्या. त्यात तांब्याचे २ अणू, ऑक्सिजनचा १. मागणे २, देणारे दोघे, म्हणजे प्रत्येकी १. नाव कॉपर (१) ऑक्साइड.

इथे पुष्कळ मुले चुकतात. तांब्याचे दोन अणू दिसले की कंसात दोन लिहितात. कंसातला आकडा अणू किती ते सांगत नाही, एकेका अणूने किती दिले ते सांगतो. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर एवढी एक गोष्ट त्याच्याकडून घोटून घ्यावी.

औषधाच्या पुड्यांवर अजून जुनी नावेही चालतात. त्यांत आकड्याऐवजी शेपूट बदलते. कमी देणारा तो 'अस', जास्त देणारा तो 'इक'. फेरस म्हणजे लोखंड २, फेरिक म्हणजे ३. क्युप्रस म्हणजे तांबे १, क्युप्रिक म्हणजे २. यात खोच आहे, ती ध्यानात घ्या. फेरसमधला 'अस' दोन सांगतो आणि क्युप्रसमधला 'अस' एक. शेपटावरून कमी कोण आणि जास्त कोण एवढेच कळते, नेमका आकडा कळत नाही. हाच घोळ मिटवण्यासाठी आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ साली कंसातल्या आकड्याची पद्धत सुचवली, आणि पुढे ती जगभर रूढ झाली. त्याच सुमारास इकडे हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभे राहत होते (स्थापना १९१८), आणि तिथे रसायनशास्त्रासकट सगळे विषय उर्दूतून शिकवण्यासाठी पुस्तके भाषांतरित होत होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या शिकलेल्या मंडळींनी हे शास्त्र उर्दूतून वाचले. भाषा कोणतीही असो, २ आणि ३ मधला फरक सगळीकडे तोच.

आणि हा फरक कागदावरचा नाही. गेल्या पावसाळ्यात एका शेतकरी बांधवाने मला हिराकसाची पिशवी आणून दाखवली. भुईमुगाचे शेंड्याचे कोवळे पान पिवळे पडले होते, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण. (नत्र कमी असेल तर आधी खालचे जुने पान सबंध पिवळे पडते, हे दोन्ही एक समजू नये.) त्याने दोनदा फवारणी केली होती, गुण काही आला नव्हता. पिशवी उघडी राहिली होती. वरचा थर हिरवा नव्हता, विटकरी तपकिरी झाला होता.

हिराकस म्हणजे आयर्न (२) सल्फेट. ताजा असताना फिकट हिरवा. ओलसर हवा लागली की त्यातले लोखंड आणखी एक इलेक्ट्रॉन गमावते आणि २ चे ३ होते. पिशवीवरचे नाव तेच राहिले, आतला माल बदलला. आयर्न (३) साध्या पाण्यात फार वेळ विरघळून राहत नाही, तांबूस गाळ होऊन तळाशी बसते, आणि पानाला लोह मिळायच्या ऐवजी पंपाची तोटी तुंबते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीतही हेच घडते. जमिनीत लोखंड भरपूर असते, पण ३ च्या रूपात कुलूपबंद होऊन पडलेले असते. म्हणून अशा जमिनीत हिराकस नुसता मातीत टाकण्यापेक्षा पानांवर फवारणे फायद्याचे. १ लिटर पाण्याला ५ ग्रॅम हिरवा हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्यावे. आम्लामुळे २ चे ३ होणे लांबते. द्रावण ताजे करावे, त्याच दिवशी संपवावे, आणि उरलेला हिराकस घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावा.

आता घरातल्या गोळ्यांकडे या. पंडुरोगासाठी सरकारी दवाखान्यातून ज्या लोहाच्या गोळ्या मिळतात त्यांवर फेरस सल्फेट किंवा फेरस फ्युमरेट असे लिहिलेले असते. इथेही तोच २. आपले आतडे लोखंड २ च्या रूपात शोषून घेते; ३ असेल तर आधी त्याचे २ करावे लागते. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व हेच काम करते, म्हणून गोळीबरोबर लिंबूपाणी चांगले. चहा मात्र लोह बांधून ठेवतो, त्यामुळे गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. शौचाला काळे होते, त्याने आपल्या माताभगिनींनी घाबरून गोळ्या बंद करू नयेत.

गोळीवर दोन वजने दिसली तर गोंधळू नका. मोठ्या माणसांच्या सरकारी गोळीत निव्वळ लोह ६० मिलिग्रॅम असते. तेवढे लोह मिळायला स्फटिकरूप फेरस सल्फेट ३०० मिलिग्रॅम लागते, कारण त्याच्या वजनात लोखंड पाचवा हिस्साच असतो. आणि एक सांगून ठेवतो. या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गोड-रंगीत समजून मुठीने खाल्ल्या तर मूल दगावू शकते. तसे झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. दुकानातला शेतीचा हिराकस 'तोच तर आहे' म्हणून कोणी औषधासाठी खाऊ नये. त्याचे नाव तेच असले तरी शुद्धता ती नसते.

जस्ताचे प्रकरण सोपे आहे. जस्त संक्रमण धातूंच्या रांगेत शेवटी बसते, पण वागते कॅल्शियमसारखे: नेहमी २ देते. म्हणून नुसते झिंक सल्फेट म्हणतात, आकडा लागत नाही. तिथे पाहायचा तो नावाचा शेवटचा शब्द. हेप्टाहायड्रेट म्हणजे स्फटिकात पाण्याचे ७ रेणू, आणि जस्त २१ टक्के. मोनोहायड्रेट म्हणजे पाण्याचा १ रेणू, जस्त ३३ टक्के. भाव विचारताना किलोचा विचारू नका, त्यातल्या जस्ताचा हिशेब करा. स्वस्त पिशवी कधी कधी पाण्याचेच पैसे घेते. जस्त आणि स्फुरदाचे विद्राव्य खत एका टाकीत कालवू नये. त्यांचे झिंक फॉस्फेट बनते, ते विरघळत नाही. मुलांच्या जुलाबावर क्षारसंजीवनीबरोबर १४ दिवस देतात त्या गोळ्याही बहुधा झिंक सल्फेटच्याच, पण त्या वेगळ्या, दवाखान्यातल्या.

मँगनीज सगळ्यांत बहुरूपी. पिकाला देतात ते मँगनीज (२) सल्फेट फिकट गुलाबी. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड म्हणजे मँगनीज (४) ऑक्साइड: ऑक्सिजनचे २ अणू, मागणे ४, देणारा एकटा. आणि जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये तेच मँगनीज ७ वर असते. एकच धातू, पण आकडा बदलला की रंग बदलतो आणि गुणही बदलतो.

आकडा चुकला तर काय होते, याचे सर्वांत कडू उदाहरण पाऱ्याचे. मर्क्युरी (१) क्लोराइड पूर्वी जुलाबाचे औषध म्हणून दिले जाई. मर्क्युरी (२) क्लोराइड जालीम विष. जुन्या नावांत एक मर्क्युरस, दुसरे मर्क्युरिक. लिहिण्यात फरक शेवटच्या अक्षराचा. दोन्ही पांढरी. पहिले कमी विषारी, एवढेच. लहान मुलांच्या दात येण्याच्या पुडीत ते घालत असत, आणि त्यानेही मुलांना विषबाधा झाली. दैव पाहा, आकड्याची पद्धत देणाऱ्या त्या स्टॉकला स्वतःलाच प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने वर्षानुवर्षे डोकेदुखी आणि विस्मरण जडले होते. कारण कळल्यावर १९२६ साली त्याने ते जाहीर लिहून इतरांना सावध केले.

शेवटी द्राक्षांकडे वळू. फ्रान्समध्ये बोर्दो परिसरातले मळेवाले वाटेकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. त्या वेली केवडा रोगापासून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरले, आणि १८८५ साली त्याने ते मिश्रण प्रसिद्ध केले. हैदराबादच्या अनाबेशाहीच्या मळ्यांपासून नाशिकपर्यंत तेच बोर्डो मिश्रण द्राक्षबागांना माहीत आहे. एक टक्क्याच्या मिश्रणाला मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावे आणि सारखे ढवळावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडी मुळीच नकोत. मोरचूद पोटात गेल्यास घातक आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

लोखंडी भांडे का नको, हे आता नावांवरूनच कळेल. मोरचूद म्हणजे कॉपर (२) सल्फेट. लोखंड त्यात पडले की ते आपले २ इलेक्ट्रॉन तांब्याला देते आणि स्वतः तांब्याच्या जागी जाऊन बसते. तांबे सुटून लोखंडावर चढते, आणि द्रावणात तयार होतो आयर्न (२) सल्फेट, म्हणजे आपला हिराकस. मिश्रण नीट झाले की नाही, हे पाहण्याची जुनी रीत यावरच आहे. स्वच्छ घासलेले विळीचे किंवा चाकूचे पाते मिश्रणात काही मिनिटे धरावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, त्याने पाने करपतील. चुन्याचे आणखी थोडे पाणी घालून ढवळावे, पाते पुसून पुन्हा बुडवावे, आणि ते जसेच्या तसे बाहेर आले की मगच पंप भरावा.