नावावरून वागणूक कळावी

सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचं. वालचंदमध्ये लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गटही आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कुणालाही उघडून वाचता येतो. त्याला पैसे पडत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही. पण वाचायची मोकळीक असणं वेगळं आणि वाचलेलं कळणं वेगळं. तीन कोटींहून अधिक ओळींच्या त्या पसाऱ्यात कराडचा किंवा इस्लामपूरचा विद्यार्थी शिरू शकेल की नाही, हे माझ्या मते एका फारशा चर्चेत नसलेल्या गोष्टीवर बरंचसं ठरतं. ती गोष्ट म्हणजे कर्नलमधली छोटी छोटी हेल्पर फंक्शनं एकसारखी वागतात का.

कर्नल म्हणजे यंत्र आणि आपण वापरतो ती ॲपं यांच्यामधला थर. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं. मेमरी वाटून देणं, फाइल उघडणं, नेटवर्कवरून आलेली माहिती योग्य ॲपकडे पोचवणं ही त्याची कामं. या प्रत्येक कामात काही क्रिया पुन्हा पुन्हा लागतात: मजकुराची नक्कल करणं, यादीत नोंद घालणं, ॲपच्या मेमरीतून माहिती उचलणं. दर वेळी नव्याने लिहायला नको म्हणून त्यांची तयार फंक्शनं करून ठेवलेली असतात, तीच हेल्पर फंक्शनं. ॲपमध्ये चूक झाली तर ते ॲप बंद पडतं. कर्नलमध्ये झाली तर अख्खं यंत्र अडकतं, किंवा परक्याला आत शिरायला वाट मिळते.

आता एक खरी जोडी पाहू. ॲपच्या मेमरीतून एखादंच मूल्य उचलायचं तर ‘गेट यूझर’ नावाचं हेल्पर आहे. काम फत्ते झालं की ते शून्य परत देतं, फसलं की ऋण संख्या. ऋण संख्या म्हणजे चूक, हा कर्नलभरचा रिवाज आहे. जास्त माहिती उचलायची असेल तर ‘कॉपी फ्रॉम यूझर’ आहे. काम पूर्ण झालं की तेही शून्यच देतं, पण अडलं तर किती बाइट उचलायचे राहिले ती संख्या देतं, आणि ती धन असते. दोघांची नावं एका घरातली, काम एकाच जातीचं, आणि अपयश सांगायची रीत नेमकी उलट. पहिलं शिकलेला प्रोग्रामर दुसऱ्याच्या बाबतीतही ‘उत्तर ऋण आहे का’ एवढंच तपासतो. उत्तर धन असल्याने तपासणी पार पडते आणि अर्धवट आलेली माहिती पूर्ण समजून पुढे वापरली जाते. काही जण मिळालेलं उत्तर तसंच ॲपकडे परत पाठवतात, मग उरलेल्या बाइटांची संख्या ॲपला वाचलेल्या बाइटांची वाटते. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर यावर अवाक्षर काढत नाही. अशा चुका उपकरणं चालवणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये पुन्हा पुन्हा सापडल्या आणि दुरुस्त झाल्या.

मजकुराची नक्कल करणाऱ्या हेल्परांची कथा याहून लांब. कर्नल ज्या सी भाषेत लिहिलं जातं, तिच्यात मजकूर कुठे संपला हे शेवटच्या शून्य बाइटवरून कळतं. ‘स्ट्रएनकॉपी’मध्ये मजकूर जागेत मावला नाही तर हे शून्य लागतच नाही, उलट मजकूर छोटा असला तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरली जाते. ‘स्ट्रएलकॉपी’ शेवटचं शून्य लावतं, पण मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत देतं, म्हणून त्याला मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावाच लागतो. त्या मूळ मजकुरालाच शेवट नसेल तर वाचन भलत्या मेमरीत घुसतं. २०१५ साली ‘स्ट्रएसकॉपी’ आलं. ते शून्य नेहमी लावतं, किती अक्षरं उतरवली ते सांगतं, आणि मजकूर मावला नाही तर ऋण संख्या देतं, म्हणजे कर्नलचाच रिवाज पाळतं. त्यानंतर जागोजागचे जुने वापर बदलत बदलत २०२४ मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ कर्नलमधून पूर्ण काढून टाकलं गेलं.

यावर अनुभवी लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला: माहितीपत्रक नीट वाचा, चूक होणार नाही. हा आक्षेप मला पटत नाही. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन कर्नल प्रोग्रामरने २००८ मध्ये फंक्शनांची एक उतरंड मांडली होती. चुकीचं वापरताच येणार नाही असं फंक्शन सर्वांत वर. कंपायलर अडवेल ते त्याखाली. मग नावावरून कळेल ते. त्याहून खाली रूढ रिवाज पाळला की जमेल ते. आणि माहितीपत्रक वाचलं तर जमेल ते आणखी खाली. हा क्रम मला अगदी रास्त वाटतो. माणूस दिवसाकाठी शेकडो फंक्शनं वाचतो, दर वेळी पत्रक उघडत नाही, आणि आपल्याला माहीत नाही हेच जिथे माहीत नसतं तिथे तो पत्रक कशाला उघडेल? शिवाय हा बोजा सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठ्या कंपनीतल्या नवख्याला शेजारच्या खुर्चीवरचा जाणता सांगतो, ‘ते हेल्पर उलटं वागतं हां, सांभाळ.’ इस्लामपूरच्या विद्यार्थ्याजवळ ती खुर्ची नसते. त्याच्यापुढे फक्त फंक्शनचं नाव असतं. रिवाज पक्का असेल तर तेवढं नाव पुरतं. कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमांत हा रिवाज लिहिलेलाही आहे: नाव आज्ञा असेल तर यशाला शून्य आणि चुकीला ऋण संख्या, नाव प्रश्नासारखं असेल तर उत्तर हो किंवा नाही. चार ओळींचा हा नियम कितीतरी पानांचं पाठांतर वाचवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे चालतंय ते कशाला बदलायचं? हजारो जागी हात घालायचा म्हणजे नव्या चुका आल्याच. याचं उत्तर या विद्यार्थ्यांच्याच सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मिळतं. मिरजेत एकेकाळी १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तीन मापांचे रूळ येऊन मिळत. त्यांतला प्रत्येक मार्ग आपापल्या जागी नीट चालत होता. अडचण जंक्शनात होती, जिथे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागे. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. बार्शी लाइट रेल्वेची १९२७ साली मिरजेत पोचलेली नॅरोगेज मात्र या शतकापर्यंत टिकली. तीही बदलली, म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये, लातूरचा घसा कोरडा पडला असताना, राजस्थानातल्या कोट्याहून आलेल्या टाकी-वाघिणी मिरजेत पाणी भरून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे थेट लातूरला जाऊ शकल्या. रूळ बदलताना ही गाडी कुणाच्या हिशेबात नव्हती. एकसारखेपणाचा फायदा असाच येतो, आधी न ठरवलेल्या जागी. बदलाची जोखीम खरीच आहे, पण कर्नलवाल्यांनी ती पेलायची पद्धत बसवली आहे. आज चालणारं ॲप उद्याही चालेल, हे ॲपांना दिलेलं वचन मोडायचं नाही. आतली हेल्परं मात्र बदलायची, आणि जो बदलेल त्याने कर्नलमधली त्यांची सगळी वापरस्थळंही बदलायची. ‘कॉक्सिनेल’सारखं साधन एकदा नियम सांगितला की शेकडो फाइलींत तसा बदल करून देतं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मला थोडं नमावं लागतं. एकसारखेपणाच्या हट्टापायी उपयोगाची माहिती गमावू नये. ‘कॉपी फ्रॉम यूझर’ने उरलेले बाइट सांगणं विक्षिप्त दिसलं, तरी अर्धवट झालेल्या वाचनाचा हिशेब ठेवणाऱ्याला ती संख्या लागतेच. तिथे सरसकट ऋण संख्या द्यायला लावलं तर ती माहिती हरवते. अशा वेळी जुनं हेल्पर तसंच ठेवून त्यावर नेहमीच्या रिवाजाचं दुसरं रचणं बरं. २०१९ मध्ये नेमकं हेच झालं. ॲपकडून येणारी माहितीची रचना, म्हणजे स्ट्रक्ट, पुढच्या आवृत्तीत मोठी होऊ शकते, आणि ही जुनी-नवी मापं जुळवण्याचा कोड वेगवेगळ्या सिस्टिम कॉलांमध्ये, म्हणजे ॲपांनी कर्नलकडे काम मागायच्या वाटांमध्ये, आपापल्या परीने लिहिलेला होता. त्याऐवजी ‘कॉपी स्ट्रक्ट फ्रॉम यूझर’ हे एकच हेल्पर आलं. आत ते जुन्याच हेल्परवर उभं आहे. बाहेर मात्र सगळं ठीक असेल तर शून्य देतं, रचनेत कर्नलला न कळणारं जास्तीचं काही भरलेलं असेल तर एक ठरलेली ऋण संख्या, आणि मेमरीच वाचता आली नाही तर दुसरी. ज्या विद्यार्थ्याने ते एका सिस्टिम कॉलमध्ये समजून घेतलं, त्याला दुसऱ्या कॉलमध्ये तीच ओळ दिसली की थांबावं लागत नाही.