हौशी म्हणवले जाणारे

अकोल्याला आमच्या शाळेच्या पुस्तकांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असत. माझ्या भूगोलावर एक फुटबॉलपटू होता. चित्राखाली त्याची ओळख ‘कामगार’ अशी होती. हा कारखान्यात जातो कधी आणि खेळतो कधी, हा प्रश्न मला तेव्हाच पडला. उत्तर सापडलं ते फार पुढे, एदुआर्द स्त्रेल्त्सॉव्हच्या चरित्रात.

त्या काळी ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालत आणि सोव्हिएत संघात अधिकृतपणे सगळेच हौशी होते. प्रत्यक्षात त्यांचं पोट खेळावरच चाले. नोंद मात्र कामगार, सैनिक किंवा विद्यार्थी अशी होई. डायनॅमो गृहखात्याचा संघ, टॉर्पेडो मॉस्कोतल्या मोटार कारखान्याचा. १९३७ साली जन्मलेला स्त्रेल्त्सॉव्ह पोरवयातच कारखान्यात लागला आणि सोळाव्या वर्षी टॉर्पेडोत आला.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचाच. अंतिम सामन्यात मात्र त्याच्या जागी निकिता सिमोन्यान खेळला. सुवर्णपदकं फक्त त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांना मिळाली. सिमोन्यानने आपलं पदक त्याला देऊ केलं. त्याने घेतलं नाही.

त्याच स्पर्धेत आपला नेव्हिल डिसोझा होता. गोव्याचा हा मुंबईकर टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळलेला. १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि भारत ४-२ने जिंकून उपांत्य फेरीत गेला. तिथवर पोचलेला तो पहिला आशियाई संघ. एक साम्यवादी देशाचा, दुसरा कंपनीच्या संघातला. दोघेही कागदोपत्री हौशीच.

या शब्दाची किंमत खेळाडू मोजतो. करार नाही, म्हणजे हक्क नाही. उरते ती मालकाची मर्जी. १९५८ साली, विश्वचषकाच्या तोंडावर, स्त्रेल्त्सॉव्हला बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली आणि बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याबद्दल आजही वाद आहे. पाच वर्षं श्रमछावण्यांत काढून तो सुटला, पण वरिष्ठ फुटबॉलचं दार बंदच होतं. ते वरून परवानगी मिळाल्यावर १९६५ साली उघडलं. त्याच वर्षी टॉर्पेडो विजेता ठरला. १९६७ आणि १९६८ साली तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडला गेला. १९९० साली तो वारला. टॉर्पेडोच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे.

अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे मी अधूनमधून पहाटे जातो. ही १९१४ सालची संस्था. तिथं घाम गाळणाऱ्या पोरांना विचारलं, ‘पुढं काय?’ तर उत्तर येतं, ‘खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तं बरं होईल.’ सरकारी भरतीत हा कोटा पाच टक्के आहे. माझ्या भूगोलाच्या कव्हरावरच्या माणसाला आपण फुटबॉलपटू आहोत, एवढं सांगायची मुभा नव्हती. या पोरांना ती आहे. पण पोटाचा प्रश्न निघाला की त्यांनाही आधी नोकरीचंच नाव घ्यावं लागतं.