कवटी शाबूत, मग मेंदूला काय झालंय?

“पाम बीच रोडला जाताना घालतोच की हेल्मेट, सेक्टरातल्या सेक्टरात कशाला?” वाशी-नेरूळला हे रोज ऐकू येतं. वेग नाही तर मारही नाही, असा त्यामागचा समज. हिशेब वेगळा आहे. सिग्नलला उभी स्कूटर कलंडली आणि डोकं दीड मीटरवरून खाली आलं, तर ते ताशी जवळपास 20 किलोमीटर वेगाने डांबरावर आदळतं. पुढचं सगळं ते किती अंतरात थांबतं यावर. पाच मिलिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी दणका गुरुत्वाकर्षणाच्या 300 पट. दोन सेंटिमीटर मिळाले तर 75 पट.

हे दोन सेंटिमीटर हेल्मेटचं टणक कवच देत नाही, आतला थर्माकोल देतो. तो चिरडतो, आणि चिरडण्यातच मार गिळतो. पुन्हा फुगत मात्र नाही. त्यामुळे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद. फूटपाथवरच्या स्वस्त हेल्मेटचं अस्तर बाजूला करून बघा. स्पंजाखाली थेट प्लास्टिक लागलं, तर ती पोलिसांना दाखवायची टोपी आहे, दुसरं काही नाही.

सगळ्यात घातक समज पुढचा: कवटी फुटली नाही, म्हणजे मेंदूला काही झालं नाही. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबॉर्न यांनी 1943 मध्येच याला छेद दिला. कवटीच्या प्रतिकृतीत जिलेटिन भरून त्यांनी दाखवलं, की खरा घात डोक्याला झटकन बसणाऱ्या पिळाने होतो. मेंदू पाण्यासारखाच सहजी दबत नाही, पण आतल्या आत सरकतो फार सहज. त्या सरकण्यात मज्जातंतू ताणले जातात. हळू ताणले तर ते लवतात. तेवढाच ताण काही मिलिसेकंदांत आला, तर ताठरतात आणि आतून तुटतात.

म्हणूनच ‘या ऊतीची ताकद किती’ याला एकच आकडा नसतो. मोजायचं तर हॉपकिन्सन बार लागतो: दोन लांब दांड्या, मध्ये ऊतीची पातळ चकती, आणि एका टोकावर वायूच्या दाबाने सोडलेला ठोकळा. दांड्यांमधून धावणाऱ्या लहरींवरून चकतीने काय सोसलं ते कळतं. पोलादी दांड्या इथे फारशा कामाच्या नाहीत. मेंदूसारखी मऊ ऊती इतका क्षीण प्रतिकार करते, की पोलादात तो नोंदलाच जात नाही; ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकच्या दांड्या घ्याव्या लागतात. शिवाय ऊती काढल्यापासून तासागणिक बदलत जाते, म्हणून सगळी घाई.

तुटलेले तंतू सूक्ष्म असतात. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर पकडतो, हे तंतू अनेकदा त्याच्या नजरेतून सुटतात. शिवाय काही रक्तस्राव उशिरानेही वाढतात. तेव्हा डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं, तर पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी पुन्हा हॉस्पिटल गाठायचं, आणि तेही रात्र उलटायची वाट न बघता.