मागच्या सीटवरून पाहिलेला दरोडा

बँकेवर दरोडा पडतोय आणि कॅमेरा बँकेत पाऊलच टाकत नाही! जोसेफ एच. लुईस यांच्या ‘गन क्रेझी’ (१९५०) या अमेरिकी सिनेमातला हा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. बजेट बेताचंच होतं. लुईसनी कॅमेरा गाडीतच मागच्या बाजूला बसवला आणि सुमारे साडेतीन मिनिटांचा अख्खा दरोडा एकाही कटशिवाय टिपला. गाडी कॅलिफोर्नियातल्या माँट्रोझच्या खऱ्या रस्त्यावरून धावते.

सिनेमाचा नायक बार्ट बँकेत शिरतो. नेमका तेव्हाच फूटपाथवर पोलीस येऊन उभा राहतो. मग गाडीत थांबलेली बार्टची साथीदार लॉरी खाली उतरते, पोलिसाच्या पिस्तुलाचं कौतुक करत त्याला बोलण्यात गुंतवते आणि बार्ट बाहेर येताच त्या पोलिसाला आडवा करते. गाडी सुसाट सुटते. मागे कोणी लागलंय का, म्हणून ती मान वळवते आणि तिचा चेहरा एकदम आपल्यासमोर येतो. धाप लागलीय, पण भीतीचा मागमूस नाही. चक्क खुशीत आहे ती! सिनेमाचा सगळा जीव त्या एका नजरेत आहे.

ही लॉरी म्हणजे वेल्समध्ये जन्मलेली पेगी कमिन्स. ‘फॉरएव्हर अँबर’ या बड्या सिनेमातून तिला चित्रीकरण सुरू झाल्यावर काढून टाकलं होतं. तो सिनेमा आज किती जणांच्या लक्षात आहे? लॉरीला मात्र विसरता येत नाही.

पटकथेच्या श्रेयात मिलर्ड कॉफमन हे नाव दिसतं. त्यामागे लपलेले खरे लेखक डाल्टन ट्रंबो. कम्युनिस्ट असल्याच्या ठपक्यामुळे हॉलिवूडने त्यांना वाळीत टाकलं होतं. लहानपणीचा बार्ट नीट बघा: पुढे ‘वेस्ट साइड स्टोरी’त गाजलेला रस टॅम्ब्लिन तो हाच.

सिनेमा आधी ‘डेडली इज द फीमेल’ नावाने आला, त्याच वर्षी नाव बदललं. बरंच झालं! बंदुकीचं वेड बार्टलाही पोरवयापासून आहे. सगळं खापर एकट्या बाईवर कशाला?

अशाच दरोडेखोर जोडीचा ‘बॉनी अँड क्लाइड’ यायला अजून सतरा वर्षं होती.

‘गन क्रेझी’तला आणखी एक प्रसंग मात्र चुकवू नका. शेवटचा मोठा हात मारल्यावर बार्ट आणि लॉरीचं काही काळ वेगळं राहायचं ठरतं. दोन गाड्या, दोन दिशा. थोडं अंतर जातं न जातं तोच दोघंही गाड्या वळवतात आणि भर रस्त्यात एकमेकांकडे धाव घेतात.