प्रवासातली शाळा

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडावा लागते, पुढे लिंबगाव आणि मग नांदेड. परभणी जिल्ह्यातले हे एक लहान स्टेशन. नांदेडहून दिल्लीमार्गे अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस याच रुळांवरून जाते. अशा एखाद्या गाडीत आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलांना घेऊन महिनोन्‌महिने देश पाहत फिरणारे कुटुंब असू शकते. मुलांना शाळेत न घालता स्वतःच शिकवायचे असे ठरवून निघालेली अशी कुटुंबे आता आपल्याकडेही आहेत. त्यांच्या शिक्षणाला आपण ‘घरशाळा’ म्हणतो आणि जरा कौतुकानेच बोलतो.

याच मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास आणखी कुटुंबे मुलाबाळांसह बाहेर पडतात. ती ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मुलेही प्रवासात असतात, नवी गावे, नद्या, माणसे पाहतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द आहे ‘शाळाबाह्य’.

प्रवासात मूल नेमके शिकते कशामुळे, हे समजून घेतले तर या दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी शिक्षकाला काय करता येईल ते दिसू लागते.

फरक दिसला की प्रश्न पडतो

चुडाव्यात वाढलेल्या मुलाला काळी जमीन ‘काळी’ दिसत नाही. त्याच्या लेखी जमीन अशीच असते. हेच मूल नांदेड, मुदखेड, धर्माबाद, बासर करत निजामाबादकडे निघाले की खिडकीबाहेर माती हळूहळू बदलते. काळी माती मागे पडते, तांबूस माती दिसू लागते. पुढे हैदराबादकडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे मोठमोठे गोल धोंडे दिसतात. ‘हे दगड इथे कोणी ठेवले?’ हा प्रश्न मूल आपण होऊन विचारते.

उत्तर फार मोठे आहे. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा बनला. एकावर एक थर साचले. या थरांची पूर्वेकडची कड नांदेड जिल्ह्यात येते. तिच्या पलीकडे उघडा पडलेला ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्याला पडलेल्या चिरांमधून पाणी शिरत राहिले, कडा झिजल्या आणि धोंडे गोल झाले. ते कोणी आणून ठेवलेले नाहीत, जागच्या जागी घडले आहेत. लहान मुलाला कोटींचा हिशेब सांगायची घाई नको. दोन्हीकडचा एकेक खडा आणि चिमूटभर माती कागदात बांधून, वर गावाचे नाव लिहून ठेवले तरी पुरे. आठ-दहा पुड्या झाल्या की मूल स्वतःच त्या लावू लागते.

प्रवासाचा शिक्षणाला खरा उपयोग हा असा आहे. एका जागी जे गृहीत धरलेले असते, ते दुसऱ्या जागी बदललेले दिसते. पण नुसते दिसून भागत नाही. ते मोजावे लागते, नोंदवावे लागते आणि कोणाला तरी सांगावे लागते.

रवींद्रनाथांचा प्रवास

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८७३ साली, मुंज झाल्यावर, रवींद्रनाथ ठाकुरांना त्यांचे वडील देवेंद्रनाथ आपल्याबरोबर प्रवासाला घेऊन गेले. आधी बोलपूर, मग अमृतसर आणि तिथून हिमालयातले डलहौसी. मुलगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता आणि शाळेला कंटाळलेला होता. वडिलांनी त्याला संस्कृत आणि इंग्रजी शिकवले, पैशांची थैली सांभाळायला दिली आणि घड्याळाला किल्ली देण्याचे कामही सोपवले. बोलपूरच्या माळावरून तो दगड गोळा करून आणी, तेव्हा वडिलांनी त्याला हसण्याऐवजी त्या दगडांचे कौतुक केले. डलहौसीला रात्री ते त्याला तारे दाखवीत, ग्रहांविषयी सांगत. ऐकलेले मुलाने बंगालीत लिहून काढले. पुढे १९३७ साली रवींद्रनाथांनी ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले, तेव्हा प्रस्तावनेत या संध्याकाळींची आठवण सांगितली.

इथे काय घडले ते पाहू. मुलाला जबाबदारीचे खरे काम मिळाले, मोकळे सोडले तरी शेजारी जाणते माणूस होते, आणि ऐकलेले त्याने स्वतःच्या भाषेत लिहिले. या तीन गोष्टी नसत्या तर तोच प्रवास नुसती सहल झाला असता.

खिडकीजवळची मोजमापे

आता चुडाव्याहून निघालेल्या आपल्या कुटुंबाकडे वळू. त्यांना साधने फारशी लागत नाहीत.

रुळाच्या कडेला किलोमीटरच्या खुणा असतात. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे. ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६० किलोमीटर, ४५ लागले तर ८०, ४० लागले तर ९०. म्हणजे ३६०० ला सेकंदांनी भागायचे. सात वर्षांच्या मुलाला हा भागाकार येणार नाही. त्याने फक्त आकडे मोजावेत. ‘आकडे जास्त आले म्हणजे गाडी हळू’ हे त्याला आपोआप उमगते. एक वाढले की दुसरे घटते, हा व्यस्त प्रमाणाचा धडा तो शब्द माहीत होण्याआधीच झालेला असतो.

स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. प्रत्येक थांब्याची उंची वहीत टिपली आणि चौकटीच्या कागदावर ठिपके जोडले की प्रवासाचा चढउतार कागदावर उमटतो. तेलंगणात शिरल्यावर त्याच पाटीवर तेलुगू लिपी येते. गावाचे नाव देवनागरीत वाचता येत असले की नव्या लिपीतली दोनचार अक्षरे ओळखणे हा मुलांचा खेळच होतो.

रात्रीसाठी ध्रुवतारा आहे. सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा यांच्या मदतीने तो सापडतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब साधारण जमतो. खात्री करायची तर क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत मुठीवर मूठ रचत जावे. जवळपास नऊ मुठी भरल्या पाहिजेत.

उत्तर ध्रुवावर ध्रुवतारा डोक्यावर असतो, विषुववृत्तावर क्षितिजाला टेकलेला. म्हणून त्याची क्षितिजापासूनची उंची जवळजवळ त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी भरते. चुडाव्याचा अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणजे इथे दोन मुठी. दिल्लीला साडेअठ्ठावीस अंश, म्हणजे तीन मुठींना थोडे कमी. कन्याकुमारीला आठ अंश, एक मूठही पुरती नाही. तिथे तो क्षितिजाजवळच्या धुरकटपणात दिसेलच असे नाही, आणि तो न दिसणे ही देखील एक नोंदच आहे.

नकाशा उघडून पाहिले तर आणखी एक गंमत आढळते. कन्याकुमारी, चुडावा आणि दिल्ली ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७७ अंशांच्या थोडी पुढे आहेत. चुडावा ते दिल्ली हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १०५० किलोमीटर. एवढे उत्तरेला गेल्यावर ध्रुवतारा साधारण एक मूठ वर चढतो. पूर्ण वर्तुळात ३६ मुठी. १०५० ला ३६ ने गुणले की ३७,८०० येतात. पृथ्वीचा खरा परीघ आहे सुमारे ४०,००० किलोमीटर. मुठीने केलेल्या मोजणीला हे उत्तर वाईट म्हणता येणार नाही. फरक कशामुळे पडला असेल, हा मोठ्या मुलांसाठी पुढचा प्रश्न.

प्रवास काय देत नाही

इथे सावधपणे बोलले पाहिजे. वाचन, लेखन आणि आकडेमोड ही कौशल्ये रोजच्या सरावाने येतात. गाडी कितीही लांब गेली तरी पाढे आपोआप पाठ होत नाहीत. फिरणाऱ्या कुटुंबालाही दिवसातला तासभर यासाठी बांधून घ्यावा लागतो. बरोबरीच्या मुलांशी भांडणे, खेळणे, जुळवून घेणे हेही सतत बदलत्या मुक्कामांत दुर्मिळ होते. आणि शिकवायला बसणाऱ्या मोठ्या माणसाजवळ वेळ, शिक्षण व पैसा असावा लागतो.

ऊसतोडणीच्या कोपीत नेमके हेच नसते. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेपासून फडात. मूल धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. या कामालाच शिक्षण म्हणण्याची चूक आपण करू नये. पण त्या मुलाजवळ ज्ञान नसते असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. मोळ्या, गाड्या, टन आणि उचलीचे हिशेब त्याच्या कानावर रोज पडतात. शेंड्यापेक्षा बुडख्याकडचा ऊस गोड, हे त्याने चाखून पाहिलेले असते. खालची कांडी आधी पक्व होतात, त्यांत साखर साठलेली असते आणि शेंडा अजून वाढीसाठी साखर वापरत असतो, हे कारण त्याला वर्गात कळावे. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटते हे तो जाणतो. बाष्पीभवनाचा धडा त्याच्यापासूनच सुरू करता येतो.

शिक्षकांनी काय करावे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क मिळतो. दुसऱ्या शाळेत जाताना दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पाल्याला शाळेत घालणे हे या कायद्यात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, मात्र त्यासाठी शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहून शाळेत येत असेल तर ते केव्हाही चांगले.

तरीही जे मूल जाणार आहे, त्याच्या हातात निघताना एक वही द्यावी. प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत: तारीख व गाव, काय पाहिले, काय मोजले, काय कळले नाही. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे. सोबत वाचून संपेल असे एक गोष्टींचे पुस्तक द्यावे. जिथे जाणार तिथल्या शाळेचे नाव मुकादमाकडून विचारून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवर मुलाशी बोलावे.

मूल परत आले की पहिल्या दिवशी त्याला ‘किती बुडाले’ हे विचारू नये. ती वही वर्गापुढे उघडावी आणि चौथ्या रकान्यातला एक प्रश्न फळ्यावर लिहावा. वही कोरी आली असेल तर मुलाला बोलते करून आपण ती भरावी. मागचे धडे त्यानंतर भरून काढता येतात. मात्र परतलेल्या मुलाला वर्गात आपली जागा उरलेली नाही असे वाटले, तर पुढच्या दिवाळीनंतर ते परत येईलच याची खात्री देता येत नाही.