रेखाटनाच्या वह्या रद्दीत घालू नका

एच. एस. सी.ला चित्रकला घेतलेली मुले मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ललितकलेची पदवी घ्यावी म्हणून आमचा सल्ला विचारावयास येतात, तेव्हा काखेत दहा-बारा गुळगुळीत चित्रांची गुंडाळी असते. रेखाटनाच्या वह्या कुठे, असे विचारले तर उत्तर मिळते, "आईने रद्दीत घातल्या."

पालकहो, खरी मिळकत तीच होती! केंब्रिजच्या ए लेव्हल परीक्षेतसुद्धा नुसते शेवटचे चित्र पाहत नाहीत. १५ तासांच्या चित्राबरोबर त्याची पूर्वतयारीही मागतात. स्वतंत्र अभ्यासात चित्रांसोबत १००० ते १५०० शब्दांचे विवेचन लिहावे लागते. पदवीसाठी पोर्टफोलिओ पाहणारे शिक्षकही, मोक्यात असोत वा बडोद्यात, हेच शोधतात: हात चौथ्यांदा कसा काढला, फसलेला रंग का बदलला. छायाचित्रावरून उतरवलेला सिनेनट कितीही हुबेहूब असो, त्यात मुलाची नजर दिसत नाही. घरामागचा उसाचा मळा, बसची वाट पाहणारी आजी, हे समोर बसून काढावे.

पदवीच्या शेवटी प्रदर्शन येते. तेव्हा महागड्या फ्रेमांवर पैसा ओतू नये. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटीमीटरवर असावा, शेजारी मोकळी भिंत असावी, आणि चिठ्ठीवर नाव, माध्यम, माप, वर्ष. विसांतून आठ चित्रे निवडणे मुलांच्या जिवावर येते, तरी निवडावीत.

आपल्या बेटावर नोव्हेंबर ते एप्रिल कागदाला बुरशी धरते. पानोपानी तारीख घालून वह्या कोरड्या कपाटात आडव्या ठेवाव्यात. पलंगाखाली नकोत, वाकवा-क्युरपीपच्या पावसात तर मुळीच नकोत.