जात कळली की जागा भरते

गणपतीच्या आधी महिनाभर पुण्यातल्या कुठल्याही कुत्र्यांच्या बोर्डिंगला फोन लावून बघा. पहिला प्रश्न तारखांचा येतो, दुसरा जातीचा. लॅब्रेडॉर म्हटलं की दर सांगतात. इंडी म्हटलं की लसीकरणाचं पुस्तक आहे का विचारतात. रॉटवायलर किंवा पिटबुल म्हटलं, की आत्तापर्यंत मोकळी असलेली जागा अचानक भरते. संपादकांनी मला ‘सुट्टीत कुत्री कुठं जातात’ असा हलकाफुलका विषय दिला होता. सोबतच्या फोटोत टोपी घातलेला पग असावा अशी त्यांची अपेक्षा असणार. पण फोनवरची ही भरलेली जागा मला पगापेक्षा जास्त रोचक वाटली. ज्यांना कुणीच घेत नाही त्यांना कोण घेतं, हे शोधत मी पौड रस्त्यानं पिरंगुटच्या पुढं निघाले.

मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेनं आत गेलं की भाताची खाचरं लागतात, मग उंच जाळीचं कुंपण आणि त्यावर अगदी लहानसा फलक. इथं येणारे लोक फलक वाचून येत नाहीत, कुणीतरी सांगितलं म्हणून येतात. चालवणाऱ्या बाई पूर्वी बँकेत होत्या. नोकरी सोडली, भाडेपट्ट्यानं जमीन घेतली, आधी घरच्या, मग ओळखीच्यांच्या आणि पुढं अनोळखी लोकांच्या कुत्र्यांसाठी खोल्या बांधल्या. चहा निवायच्या आत त्यांनी संस्थेचा हा सगळा इतिहास उरकला आणि विचारलं, “आमची दारं बघितलीत का?”

मग पुढचा बराच वेळ मी दारंच बघत होते.

प्रत्येक खोलीचे दोन भाग आहेत. आत छपराखाली जमिनीपासून वीतभर उंच खाट, बाहेर उन्हाची लांबट पट्टी, तिच्यावरही जाळी. दोन्हींच्या मधे वर सरकणारं पत्र्याचं दार. त्याची तार छताजवळच्या कप्पीवरून बाहेरच्या बोळात येते. झाडलोट करायची असली की बोळातून तार ओढायची, कुत्रं उन्हात जातं, दार खाली येतं, मग माणूस आत. माणूस आणि अनोळखी कुत्रं एका बंद जागेत समोरासमोर येतच नाहीत. खोलीतून कुत्रं बाहेर काढायची वेळ आली तर पुन्हा दोन फाटकं. पहिल्याची कडी लागल्याशिवाय दुसऱ्याची काढायची नाही. मधल्या जागेत एक माणूस आणि एक कुत्रं, एवढंच मावतं.

इथवर कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. पुढची करामत मामांची आहे. मुळशीकडच्या एका गोठ्यात त्यांनी निम्मं आयुष्य म्हशींमागे काढलं. आता इथली सगळी कुत्री त्यांच्या हाताखाली आहेत. दारं नवी होती तेव्हा खाली आदळायची. त्या आवाजानं एक कुत्रं दचकलं की सगळी रांग भुंकायला लागायची. शिवाय घसरतं दार शेपटीवर किंवा पंजावर पडण्याची भीती. अरुंद जागेत दुखावलेलं कुत्रं जवळच्याला चावतं, मग ते कुठल्याही जातीचं असो. मामांनी तारेच्या दुसऱ्या टोकाला दाराच्या वजनाइतकी वाळूची थैली बांधली आणि दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. आता दार सहज वर-खाली होतं आणि सोडाल तिथं थांबतं. पाऊस पडला की वाळू ओली होऊन जड होते आणि दार आपोआप वर सरकायला लागतं; म्हणून पावसाळ्यात थैलीवर प्लास्टिक आणि तारेला एक जास्तीचा हूक. मामा रोज सकाळी प्रत्येक दार वर-खाली करून बघतात. कुत्री नंतर.

मला या व्यवस्थेचं अप्रूप वाटलं ते तिच्यातल्या एका गृहीतामुळे. बाकीच्या ठिकाणी फोनवरच प्रश्न असतो, तुमचं कुत्रं चांगलं आहे का? इथं रचनाच अशी की पहिल्या दिवशी कुत्र्यानं चांगलं असण्याची गरज नाही. घाबरलेलं, चिडलेलं, उपाशी बसलेलं कुत्रं इथं एक रात्र कुणालाही न दुखावता काढू शकतं. चांगलं-वाईट ठरवायला त्यानंतर भरपूर वेळ असतो.

मी गेले तेव्हा शेवटच्या खोलीत राणी होती. सहा वर्षांची रॉटवायलर, कोथरूडमधल्या एका कुटुंबाची. गणपतीला त्यांना सिंधुदुर्गात गावी जावं लागतं. गाडीत घरातली म्हातारी माणसं आणि सामान. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आरक्षित करायचा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत एकटीला पाठवायचं. गणपतीच्या गर्दीत कूपे मिळणं अवघड, आणि एवढ्या अंगाची कुत्री रात्रभर पेटीत ठेवायची कुणाची तयारी नव्हती. शहरातल्या एका बोर्डिंगनं तिला घेतलं होतं, पण पहिल्याच संध्याकाळी मालकांना फोन आला की ती गुरगुरते, घेऊन जा.

राणी खरंच गुरगुरते. मामा तिच्या दाराबाहेर तिच्याकडे पाठ करून भाकरी खात बसले होते, आणि आतून घशातला खोल, घरघरता आवाज येत होता. मला मागं सरावंसं वाटलं. मामा म्हणाले, “ताई, आवाज ऐकू नका. अंग बघा.” अंग सैल होतं. तोंड अर्धवट उघडं, मागचा भाग डोलत होता. रॉटवायलर खूश असताना, कुणी कान खाजवत असताना असा आवाज काढतात हे पाळणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. ज्याला माहीत नाही त्याला ती धमकीच वाटते. खऱ्या गुरगुरण्यात कुत्रं ताठ होतं, श्वास धरून ठेवतं, ओठ आवळले जातात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. हे मामांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. लाथ मारणारी म्हैस लाथ मारायच्या आधी काय करते, हे बघता बघता ते शिकलेत.

राणीची शेपटी मात्र वाचता येत नाही, कारण ती पिल्लूपणीच छाटलेली आहे. जनावराचा अवयव विनाकारण तोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, तरी विक्रेते रुबाबासाठी छाटतात. म्हणजे ज्या कुत्र्याला लोक आधीच घाबरतात, त्याच्याकडून मनातलं सांगण्याचं एक साधनही काढून घ्यायचं.

ही जात जर्मनीतल्या रॉटवाइल गावाची. खाटकांची गुरं बाजारापर्यंत हाकायची आणि मालाची गाडी ओढायची, हे तिचं काम. रेल्वे आली आणि गुरं पायी न्यायची पद्धत संपली, तशी जातही संपत आली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी तिला कामाला घेतलं आणि ती टिकली. पुढं राखणीचं कुत्रं म्हणून जगभर गेली आणि त्याच ओळखीपायी बदनाम झाली.

भीती अगदी निराधार आहे असं मात्र कुणी म्हणू नये. जुलै २०२२ मध्ये लखनौला घरातल्याच पिटबुलनं एका वृद्ध महिलेचा जीव घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच गाझियाबाद महापालिकेनं पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी आणली. पंचेचाळीस किलोचं कुत्रं चावलं तर पगाच्या चाव्याशी त्याची तुलना होत नाही. बोर्डिंगच्या बाईही हे पहिल्यांदा सांगतात आणि दोन फाटकं त्यासाठीच आहेत म्हणतात. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. जात कळली म्हणजे समोरचं कुत्रं कळलं का? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकाचा साधारण ९ टक्के भागच जातीवरून सांगता आला. बाकीचं वाढवणं, सवय, भीती, आजार आणि त्या कुत्र्याचा स्वतःचा पिंड.

सरकारनं सोपी वाट धरली. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं; जी आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करावी असंही म्हटलं. यादी घाईत झाल्याचं तिच्यातच दिसत होतं. तोसा इनू आणि जपानी तोसा अशी एकाच कुत्र्याची दोन नावं तिच्यात वेगवेगळी होती. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. पण लोकांच्या डोक्यात यादी राहिली. बाईंच्या सांगण्यानुसार, ‘ही जात बंद झालीये ना?’ असं विचारणारे शेजारी त्या महिन्यापासून वाढले आणि रॉटवायलरना नाही म्हणणारी बोर्डिंगंही.

इथून पुढं मला कौतुक आवरतं घ्यावं लागतं, कारण या जागेच्या अडचणी दारांनी सुटणाऱ्या नाहीत.

पहिली अडचण खोट्याची. दहा ठिकाणी नकार मिळालेला माणूस अकराव्या ठिकाणी खरं सांगत नाही. पिटबुलचा ‘लॅब मिक्स’ होतो. आधी एकदा कुणाला चावलाय, हे अर्जात येत नाही. जेवताना ताटाजवळ कुणी आलेलं खपत नाही, हे ‘थोडा पझेसिव्ह आहे’ इतकं सौम्य होऊन येतं. बोर्डिंगमध्ये धोका जातीमुळे जितका येतो, त्याहून जास्त अशा दडवलेल्या ओळींमुळे येतो. ताटावर गुरगुरणारं कुत्रं हे माहीत असेल तर त्याला वेगळं वाढणं ही फार साधी गोष्ट आहे. नकारानं धोका कमी होत नाही, फक्त अर्ज खोटा होतो. म्हणून बाईंच्या अर्जात जातीचा रकाना शेवटी आहे. आधी जेवण, मग झोप, मग भीती कशाची, मग चावा. आणि ‘चावा घेतला आहे’ असं लिहिलं तर प्रवेश नाकारला जात नाही, फक्त खोली बदलते. चाचणीची एक रात्र मात्र सगळ्यांना सक्तीची. ज्यांना सुट्टीच्या आदल्या दिवशी आठवण होते, त्यांना इथं जागा नाही.

दुसरी अडचण वेळेची. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि मग काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून जेवण दोन वेळा थोडं थोडं, आणि त्यानंतर तासभर धावणं नाही. काळ्या दाट अंगाच्या कुत्र्याला दुपारी बाहेर काढायचं नाही. जाळीच्या मुसक्याची सवय घरीच दह्याचं बोट लावून करून घ्यावी लागते, कारण इथं आल्यावर पहिल्यांदा मुसकं चढवणं म्हणजे भीतीत भर. लस किमान दोन आठवडे आधी, गोचिडांचं औषध वेळेवर, घरचंच खाणं, न धुतलेली चादर. एवढं करायला माणूस लागतो, आणि एका माणसाला अशी फार तर दोन-तीन कुत्री झेपतात. त्यामुळे दर वाढतो. ज्याला परवडत नाही तो वॉचमनला पैसे देऊन कुत्रं गच्चीवर बांधून जातो. दिवाळीत, फटाक्यांच्या रात्री, अशी साखळी तुटली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जातीचं नाव येतं, गच्चीचं येत नाही.

तिसरी अडचण कायद्याची. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. कुत्रं ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर जबाबदारी येते, म्हणजे त्या आठवड्यापुरती बाईंवर. गृहनिर्माण संस्थांनी बहुमतानंही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. पण ते संरक्षण घरातल्या कुत्र्याला आहे. बोर्डिंग हा धंदा. त्याला भाडेपट्टा संपला की जागेचा मालक उठवू शकतो.

आणि तसं व्हायच्या बेतात आहे. आजूबाजूची खाचरं विकली जात आहेत, शेजारी बंगल्यांची योजना आली आहे आणि भाडेपट्टा संपत आलाय. बाईंनी दुसरीकडे जमीन बघितली. तिथल्या लोकांना तीस लॅब्रेडॉर चालतील, पण रॉटवायलर आणि पिटबुल घेणार नाही असं लिहून द्या, ही त्यांची अट. लिहून दिलं तर धंदा सहज चालेल. उलट खर्चही कमी होईल, हे त्यांनी हिशेब मांडूनच मला दाखवलं.

त्यांनी अजून लिहून दिलेलं नाही. पण त्या नाही म्हणाल्या आणि जमीन हातची गेली, तर राणीसाठी काय उरतं याचं उत्तर मला मिळालं नाही. दारांचा नकाशा कुणालाही देता येईल. त्यांनी मला तो फुकट देऊ केला, छापायला. मामांनी काय बघितलं ते छापता येत नाही. मामांच्या पुतण्यानं हे काम महिनाभर करून बघितलं आणि तो पिरंगुटच्या कारखान्यात लागला, कारण तिथं पगार जास्त आहे आणि रविवारी सुट्टी मिळते. त्याला दोष देता येत नाही. पण पुण्यात घर घेताना रॉटवायलरचं पिल्लू रुबाबानं आणणाऱ्या माणसाला एक विचारावंसं वाटतं: पुढची दहा वर्षं तुम्ही गावी जाल तेव्हा ते कुठं राहणार, हे पैसे मोजायच्या आधी विचारलंत का? विकणाऱ्यानं ते कधीच सांगितलेलं नसतं, आणि त्याची जागा कधी भरत नाही.